छत्रीकाकांच्या शोधात हॅमिल्टन

मला न्यूझीलंडला बोलावलं ते एका माणसावर नजर ठेवायला. तिकीट काढताना भाच्याने हे इतक्या उघड शब्दांत सांगितलं नव्हतं. "मावशी, ये ना एकदा. आईला बरं वाटेल," एवढंच तो फोनवर म्हणाला होता. पण पुढे जरा थांबून त्याने विचारलं, "तुझं जर्मन अजून पक्कं आहे ना?" तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी पुण्यात एकतीस वर्षं जर्मन शिकवलं. माझी थोरली बहीण वत्सला, म्हणजे ताई, भावजी गेल्यावर मुलाकडे हॅमिल्टनला राहायला गेली, त्याला आता तीन वर्षं होतील. तिचा मुलगा निनाद दूध-भुकटीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे, सून गौरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असते, आणि बारा वर्षांची नात ईरा मराठीत सगळं ऐकून इंग्रजीत उत्तर देते. या घरात जर्मनचं काम काय, ते मला ऑकलंडच्या विमानतळावर उतरेपर्यंत समजलं नव्हतं.

ऑकलंड ते हॅमिल्टन

विमानतळावर पहिला तास माझ्या भाजणीत गेला. या देशात बाहेरचं बी, माती, लाकूड काही येऊ देत नाहीत. बुटांचे तळवेसुद्धा तपासतात. "किया ओरा," असा इथला माओरी नमस्कार हसून करत एका बाईने माझी पिशवी उघडली, भाजणीचा वास घेतला, आणखी एकीला बोलावून तिलाही घ्यायला लावला. मी फॉर्मवर सगळं लिहिलं होतं म्हणून सुटले. दोघींनाही वास आवडला असावा, कारण भाजणीचं काय करतात ते त्यांनी दोनदा विचारलं.

निनादने गाडी आधी ऑकलंडच्याच मनुरेवा उपनगरात घेतली. तिथल्या भारतीय दुकानातून मेथी, कोथिंबीर आणि ताईसाठी गूळ घेतला. गाडी पुन्हा मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा तो बोलायला लागला.

"आईच्या पेटीचा एक सूर अडकला होता. मीच इंटरनेटवर शोधून पियानो दुरुस्त करणारा माणूस आणला. उवे नावाचा. जर्मन आहे. आमच्या मागच्याच गल्लीत राहतो."

"मग?"

"मग तो येतच राहिला. आता दोघं मिळून कार्यक्रम करणार आहेत. तो गाणार, आई पेटी वाजवणार. पहिला कार्यक्रम मनुरेवाच्या हॉलमध्ये, आणि मग तीन आठवडे साउथ आयलंड. त्याच्या व्हॅनमधून!"

"काय गातो?"

निनादने रस्त्यावरची नजर काढली नाही. "विनोदी गाणी. म्हणतो, एके काळी जर्मनीत तो फेमस पॉप सिंगर होता. छत्रीत उभा राहून गायचा. ओंकल रेगनशिर्म."

ओंकल रेगनशिर्म म्हणजे छत्रीकाका. एकतीस वर्षांत मी हे नाव ऐकलं नव्हतं.

"आई एकाहत्तरची आहे, मावशी. तो चौऱ्याहत्तरचा. मी काही बोललो की ती म्हणते, तुला काय कळतंय? तू फक्त त्याच्याशी बोल आणि मला सांग तो खरा आहे की नाही. आणि प्लीज, तुला जर्मन येतं हे त्याला इतक्यात कळू देऊ नकोस. आईलाही मी तसंच सांगून ठेवलंय, की मावशीला त्याला सरप्राइज द्यायचंय."

खिडकीबाहेर हिरवी कुरणं संपत नव्हती. गाई कुणाचाही विचार न करता चरत होत्या. या योजनेत काही गैर आहे असं तेव्हा मला अजिबात वाटलं नाही. खरं सांगायचं तर मजाच वाटली.

हॅमिल्टन

दुसऱ्या दिवशी सकाळी उवे आला तो अनवाणी. इथे त्याचं कुणाला काही वाटत नाही. सुपरमार्केटमध्येही लोक बिनचपलेचे फिरतात, आणि कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात पण तिथे पेपर आणि गोळ्याबिस्किटंही मिळतात. उंच, वाकलेला, पांढऱ्या भुवयांचा माणूस. हातात स्वतः केलेला प्लमचा जॅम. ताईने माझ्या भाजणीची थालीपीठं लावली होती. त्याने तो जॅम थालीपीठाला फासला आणि मिटक्या मारत खाल्ला. माझ्या मनात पहिली नोंद झाली: हा माणूस कुणालाही खूश करू शकतो.

"शमा, युअर सिस्टर इज अ जीनियस," तो मला म्हणाला. ताई लाजली. ताईला मी कित्येक वर्षांत लाजताना पाहिलं नव्हतं. दुसरी नोंद.

मी अगदी साध्या इंग्रजीत, भाबडा चेहरा करून, त्याच्या गाण्यांबद्दल विचारलं. त्याने भरभरून सांगितलं. हॅम्बुर्गजवळच्या गावात तो मासे डब्यात भरण्याच्या कारखान्यात होता. पुढे वाद्यवृंदात अकॉर्डियन. मग पिवळा रेनकोट, डोक्यावर उघडी छत्री, चेहऱ्याला पांढरा रंग आणि जाड चष्मा. अट एकच, गाताना कधीही हसायचं नाही. लोक हसून लोळले तरी आपण तेराव्याला आल्यासारखं उभं राहायचं. तीन गाणी देशभर गाजली. भर उन्हात मुलं छत्र्या घेऊन शाळेत जायची. मग लोकांची आवड बदलली, टीव्ही संपला आणि उरल्या जत्रा, बिअरचे तंबू, फर्निचरच्या दुकानांची उद्घाटनं. एका गुरांच्या प्रदर्शनात गाईने रेनकोटची बाही खाल्ली, तरी त्याने गाणं पुरं केलं. शेवटी एका न्यूझीलंडच्या नर्सशी लग्न करून तो इथे आला आणि पियानो दुरुस्त करू लागला. ती नर्स आता नाही.

सगळं कसं छान जमवलेलं होतं. मला जरा जास्तच जमवलेलं वाटलं. शिवाय एक गोष्ट खटकली. गाईची गोष्ट सांगताना तो "मी" म्हणायचा. टीव्हीचं सांगताना मात्र "छत्रीकाका" म्हणायचा. छत्रीकाका टीव्हीवर आले, छत्रीकाकांना फुलं मिळाली. स्वतःच्या वैभवाबद्दल कोण असं परक्यासारखं बोलतं?

दुपारी ईराला घेऊन बसले. "मावशीआजी, देअर आर हीप्स ऑफ व्हिडिओज," म्हणत तिने चार-पाच काढून दिले. छत्रीकाका खरेच होते. पिवळा रेनकोट, पांढरा चेहरा, दगडासारखा गंभीर. त्यातलं एक गाणं बुटांचं होतं. उजव्या बुटाचं डाव्यावर प्रेम असतं, पण चालताना एक पुढे गेला की दुसरा मागे राहतो. भेट होते ती फक्त माणूस झोपल्यावर, पलंगाखाली. मी हसले, आणि मग का कोण जाणे, ते गाणं पुन्हा लावायला सांगितलं.

पुढच्या व्हिडिओत मुलाखत होती. निवेदिकेने काही विचारलं आणि छत्रीकाकांनी उत्तर दिलं. मी ते चार वेळा मागे नेऊन ऐकलं. तो माणूस बव्हेरियाचा होता. दक्षिणेकडचे लोक 'र' आपल्यासारखा जिभेच्या टोकाने घोळवतात, शब्द चघळत बोलतात. उवे इंग्रजी बोलतानाही 'र' घशातून काढत होता, आणि थालीपीठाचा तुकडा खाली पडला तेव्हा जे स्वतःशी पुटपुटला ते थेट उत्तरेचं होतं. गाण्यात माणूस आवाज बदलेल, पण मुलाखतीत कशाला बदलेल?

"इज ही फेक?" ईराने विचारलं.

"आजीला काही सांगू नकोस," मी म्हटलं.

रॅगलन

रविवारी उवेने आम्हाला समुद्रावर नेलं. ताई, ईरा आणि मी. निनाद मुद्दाम आला नाही. रॅगलनचा रस्ता डोंगरातून वळणं घेत जातो, आणि एका वळणावर अचानक समुद्र समोर येतो. वाळू काळी, लोखंडाच्या भुशासारखी, उन्हात चमकणारी. ही वाळू किती तापते ते मला कुणी सांगितलं नव्हतं. चपला हातात घेऊन ऐटीत चालायला लागले आणि दहाव्या पावलाला किंचाळले. उवेने पळत येऊन स्वतःच्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, माझ्या पायाखाली सरकवल्या आणि आपण उड्या मारत पाण्यापर्यंत गेला. ताई हसून हसून खाली बसली.

कागदात गुंडाळलेले तळलेले मासे आणि बटाटे खाल्ले. ताई नुसते बटाटे. माणूस चांगला वाटत होता, आणि त्याचाच मला जास्त संशय येत होता. पुण्यात आमच्या ओळखीच्या एका बाईंना असाच एक चांगला वाटणारा माणूस भेटला होता.

थोड्या वेळाने त्याचा फोन वाजला. तो खडकाच्या आडोशाला गेला. मी शिंपले वेचत वेचत मागे गेले. हो, मुद्दाम गेले. तो जर्मनमध्ये बोलत होता.

"नाही, हाना, वत्सलाला अजून काही माहीत नाही. कार्यक्रम झाला की सांगेन. आधी सांगितलं तर ती वाजवणार नाही." मग बराच वेळ तो ऐकत राहिला. "तिची बहीण आली आहे. साधी बाई आहे."

मी शिंपले तिथेच टाकून परत फिरले. इतका वेळ जे नुसतं वाटत होतं, ते आता त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. शिवाय ती 'साधी बाई'. ते मला जरा जास्तच लागलं, हे आज कबूल करते.

परतीच्या वाटेवर मी मागे ईराजवळ बसले. पुढच्या सीटवर ताई त्याला 'खमंग' म्हणायला शिकवत होती. त्याला 'ख' जमत होता.

घरी आल्यावर निनादला सगळं सांगितलं. तो उठून उभाच राहिला. "आत्ताच्या आत्ता आईला सांगूया. कार्यक्रम कॅन्सल."

"थांब," मी म्हटलं. "ती ऐकणार नाही. त्याच्या तोंडून वदवते. शनिवारी, तिच्यासमोर."

आजही विचार करते, मी त्याला एकटं गाठून त्याच दिवशी का विचारलं नाही? गल्ली ओलांडली की त्याचं घर होतं.

मनुरेवा

शनिवारी दुपारी दोनला कार्यक्रम होता. हॉल साधा, लाकडी जमिनीचा, मागे चहाची मोठी किटली आणि कुणीतरी आणलेला पाव्हलोवा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा फुगवलेला गोड डोंगर. जर्मन म्हाताऱ्यांचा एक घोळका पुढे बसला होता. ताईच्या ओळखीच्या मराठी बायका साड्या नेसून आल्या होत्या, त्यांच्याबरोबर मुलांकडे येऊन राहिलेले आजी-आजोबा. शेजारच्या चर्चमधल्या तीन-चार धिप्पाड सामोअन बायकाही होत्या, डोक्यात फुलं माळलेल्या.

रंगमंचामागच्या खोलीत ताई पेटीचा भाता बघत होती. उवे आरशासमोर चेहऱ्याला पांढरा रंग लावत होता. मी आत गेले, दार लावलं आणि जर्मनमध्ये म्हटलं, "तुम्ही छत्रीकाका नाही."

त्याचा हात थांबला. अर्धा चेहरा पांढरा, अर्धा गुलाबी.

"तुम्हाला जर्मन येतं," तो जर्मनमध्ये म्हणाला.

"एकतीस वर्षं शिकवलंय."

"आणि दोन आठवडे तुम्ही माझ्याशी..." तो आरशातूनच माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "समुद्रावरही तुम्हाला कळत होतं."

"सगळं कळत होतं. व्हिडिओतला माणूस बव्हेरियाचा आहे. तुम्ही नाही."

त्याने फडक्याला हात पुसले. आवाज न चढवता सांगायला लागला. छत्रीकाका म्हणजे आलोइस. उवे त्याच्या मागे अकॉर्डियन वाजवायचा. तिसरं गाणं गाजलं आणि आलोइसच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला तो परत आला नाही. रेकॉर्ड कंपनीच्या माणसांनी उवेकडे पाहिलं. उंची तीच, चेहऱ्यावर रंग. पुढची अकरा वर्षं जत्रांतून आणि तंबूंतून उवेच छत्रीत उभा राहिला. आलोइस प्रत्येक गावी व्हॅनमधून बरोबर यायचा. रेनकोटला इस्त्री करायचा आणि पडद्याआड उभा राहायचा. उवे चुकला की काठीने जमिनीवर ठोकायचा. आलोइस जिवंत असेपर्यंत कुणालाही सांगायचं नाही, असं उवेने वचन दिलं होतं. गेल्या हिवाळ्यात आलोइस गेला. हाना ही त्याची बायको.

"तिनेच सांगितलं, आता तू मोकळा आहेस म्हणून. आज शेवटच्या गाण्यानंतर मी वत्सलाला सांगणार होतो. मग तिने ठरवावं, व्हॅनमध्ये बसायचं की नाही."

"पुरावा?" मी विचारलं. तो शब्द माझ्या तोंडून सहज निघून गेला.

त्याने फोनवर एक जुना फोटो दाखवला. व्हॅनच्या पायरीवर एक बारीक माणूस पिवळ्या रेनकोटची बाही ताणून धरतो आहे, बाजूला तरुण उवे छत्री मिटून उभा. तो बारीक माणूस कुणीही असू शकला असता.

"काय गं चाललंय तुमचं?" ताईने पेटीवरून मान वर केली. "सरप्राइज आत्ता द्यायचं होतं का? दहा मिनिटं राहिलीत."

आणि मी सांगून टाकलं. सगळं. मराठीत, भराभर, त्याला एक शब्दही बोलायची संधी न देता. हा तो नव्हेच, तो वेगळा होता, हा त्याच्या मागे अकॉर्डियन वाजवायचा, तुला फसवलं. जे सांगायला तो इतकी वर्षं थांबला होता, ते मी त्याच्या देखत, त्याला न कळणाऱ्या भाषेत सांगून मोकळी झाले.

ताईने शांतपणे पेटीचा भाता बंद केला.

"मला माहीत आहे, शमे."

"काय माहीत आहे?"

"रेकॉर्डमधला माणूस कडवं सुरू व्हायच्या आधी श्वास घेतो. हा ओळीच्या मध्ये घेतो, आणि मग शेवटचा शब्द ढकलतो. माणूस म्हातारा झाला की श्वास कमी होतो, पण घ्यायची जागा बदलत नाही. साथ करायला बसल्यावर दुसऱ्याच दिवशी कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल. मला कुठे घाई होती?" मग ती उवेकडे वळली आणि तिच्या पुणेरी इंग्रजीत म्हणाली, "आय नो, उवे. सिन्स सप्टेंबर. यू ब्रीद डिफरंट."

उवे खुर्चीवर बसला. अर्धवट रंगवलेल्या चेहऱ्याने माणूस रडतो आहे की नाही हे पटकन समजत नाही. मग त्याने ओलं फडकं घेतलं आणि सगळा रंग पुसून टाकला.

तो स्टेजवर गेला तो मिटलेली छत्री घेऊन. आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग आलोइसचं. इंग्रजीत आणि जर्मनमध्ये, तीन-चार वाक्यांत सगळं सांगून टाकलं. पुढच्या रांगेतल्या एका जर्मन आजीबाईंचा धीर सुटला असावा. त्या जर्मनमध्ये ओरडल्या, "ते असू दे, आधी छत्री उघडा!"

जर्मन घोळक्यात एकच हशा उसळला. बाकीच्यांना कळलं नाही, पण तेही हसले. उवेने छत्री उघडली. ताईने सूर धरला.

बुटांचं गाणं सुरू झालं तेव्हा मी त्याचा श्वास मोजत होते. खरंच ओळीच्या मध्ये घेत होता. ताई तिथे बरोबर एक मात्रा लांबवायची आणि त्याला सांभाळून घ्यायची, आणि ते इतकं सहज की श्वास संपलाय हे कुणाला कळूच नये. आपल्या संगीतातली साथ त्या वेड्या गाण्याला कशी काय लागू पडली, कुणास ठाऊक. सामोअन बायका डोळे पुसत हसत होत्या. मराठी आजोबांपैकी एक जण दाद देताना "क्या बात है" म्हणाले. उवे एकदाही हसला नाही. शेवटच्या कडव्याला तर त्याचा चेहरा असा होता, की मीही त्या खोलीत जे झालं ते विसरून हसले.

तरीसुद्धा सांगते, मनातली शंका गेली नाही. अकरा वर्षं एवढ्या मोठ्या देशात कुणालाच कळलं नाही? आलोइस स्वखुशीने पडद्याआड उभा राहिला, की त्याला राहावं लागलं? हानाला मी कधी भेटणार नव्हते. ताईला हे प्रश्न विचारले तेव्हा ती म्हणाली, "तू विचार त्याला. तुला तर त्याची भाषा येते."

पुन्हा हॅमिल्टन

विचारता आलं नाही. त्या दिवसापासून उवे माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलला. वागण्यात कुठे कमी नाही. जॅमची बाटली आणून दिली, माझ्या भाजलेल्या तळव्यांची चौकशी केली. मी जर्मनमध्ये विचारलं तरी उत्तर इंग्रजीत यायचं, हसतमुख आणि आटोपशीर. त्या गावात माझ्याशी जर्मन बोलू शकेल असा तो एकच माणूस मला ठाऊक होता.

निनाद दोन दिवस धुसफुसत होता. शेवटी त्यानेच व्हॅनचे टायर तपासून घेतले आणि आईच्या औषधांच्या डब्या वारांप्रमाणे लावून दिल्या.

माझं परतीचं विमान होतं त्याच सकाळी ते दोघं दक्षिणेला निघाले. ताईने मागच्या सीटवर पेटी ठेवून तिला पट्टा बांधला, बाळाला बांधावा तसा. मला मिठी मारून म्हणाली, "तुला माझी काळजी होती, हे मला माहीत आहे." मग मिठी सोडून पुढे, "पण थोडी हुशारीही दाखवायची होती, हो ना?"

मी व्हॅनला वळसा घालून उवेच्या खिडकीशी गेले. आदल्या दिवसापासून मनात जुळवलेलं वाक्य जर्मनमध्ये म्हटलं: मी चोरून ऐकलं आणि तुमचं सांगणं तुमच्या तोंडून हिरावून घेतलं, मला माफ करा.

त्याने पांढऱ्या भुवया वर केल्या. क्षणभर वाटलं, आता जर्मनमध्ये बोलेल.

"नो वरीज," तो म्हणाला, आणि गाडी सुरू केली.

व्हॅन कोपऱ्यावर वळेपर्यंत ताईचा हात खिडकीबाहेर हलत होता. निनाद माझी बॅग उचलायला आला.

"काय म्हणाला गं?"

"नो वरीज म्हणाला."

"मग झालं तर."

"पण म्हणजे नेमकं काय म्हणाला?"

निनाद हसला. "मावशी, इथे सगळे सगळ्यालाच तेच म्हणतात."